जाखडी, आजाचा पाय आणि कॅमेरा

जाखडी या कोकणातल्या लोकनृत्यावर नृत्यपट करायचा म्हणून संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी गेले, तेव्हा माझ्याजवळ प्रश्नांची तीन पानं होती. आजा गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणी पुन्हा त्याच्या वाट्याला आलीच नाही आणि लालबागची खोली सोडून तो गावी परतला. हे सगळं तो कॅमेऱ्यासमोर सांगेल असं मी धरून चालले होते. तो ताठ बसला आणि टीव्हीवर बोलतात तसं बोलला. चाळीस मिनिटांत हाती काही लागलं नाही. मग शेजारच्या खळ्यात पोरांनी ढोलकी काढली आणि आजाचा उजवा पाय खाटेखाली ठेका धरायला लागला. माझा कॅमेरा तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर होता.

म्हणून नव्यानं या वाटेला येणाऱ्यांना सांगते, घरच्या म्हाताऱ्यांना ‘सांगा’ म्हणू नका, ‘शिकवा’ म्हणा. दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा जमिनीवर ठेवला आणि म्हटलं, “आजा, मला जाखडी शिकव.” गुडघे गेलेले, तरी बसल्या जागी त्यानं पाय टाकून दाखवला. मी आठ वर्षं कथक शिकलेली. माझा पाय बघून म्हणाला, “बाय, जमिनीला भितेस काय? आपट!” आणि शिकवता शिकवताच बोलला: लालबागला खालच्या मजल्यावरचे ओरडतील म्हणून गणपतीआधीची तालीम पायात चाळ न बांधता व्हायची. हा प्रश्न माझ्या तीन पानांत नव्हता.

मुंबईत याला बाल्या नाच म्हणत, कोकणातून आलेल्या गड्यांच्या कानातल्या बाळीवरून. आजाला ते नाव आवडत नाही, म्हणून फिल्ममध्ये जाखडीच. (मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांनी हाच नाच झाकरी म्हणून जपलाय. तिकडे एकदा जायचंय.)

कॅमेरा कुठे ठेवायचा, यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलं. जाखडीत गाणारे-वाजवणारे मध्ये बसतात, नाचणारे त्यांच्याभोवती फिरतात. बाहेरून शूट केलं तर नुसत्या पाठी दिसतात. मुख्य गाणाऱ्या बुवांना विचारून मी ढोलकीवाल्याशेजारी मांडी घालून बसले, तेव्हा पाय दिसले. पहिल्या वर्षी सगळं स्लो मोशनमध्ये घेतलं होतं. दिसायला देखणं, पण पाय आणि थाप यांची गाठच पडेना. आता सेकंदाला २५ फ्रेम, आणि चाळांचा आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, सुरुवातीला एक टाळी वाजवून, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात.

प्रयोगशील चित्रपट करणाऱ्या माया डेरेन यांच्या १९४५ च्या छोट्याशा मूकपटात नर्तक जंगलात पाय उचलतो आणि तो खोलीत खाली येतो. माझ्या फिल्ममध्ये पाय लालबागच्या जिन्यात उठतो, खळ्यात पडतो. त्यासाठी लय, लेन्सची उंची, पायाची दिशा दोन्हीकडे तंतोतंत सारखी लागते. मी लालबागला तीनदा गेले.

शिक्षणाचं म्हणाल तर पुण्यात ललित कला केंद्रात नृत्य आहे, एफटीआयआयमध्ये चित्रपट. दोन्हींचा सांधा मात्र मला स्वतःच घालावा लागला.

कच्चा कट आधी घरी दाखवा. आजानं तो चादरीवर पाहिला. मी एके ठिकाणी गिरणीचा भोंगा घातला होता. तो ऐकून म्हणाला, “हा आमच्या गिरणीचा नाय. काढ.” काढला. तिथे आता नुसती ढोलकी आहे.