एडवर्डियन काळातली खूनकथा लिहिताय? मग या चुका टाळा

लॉर्डसाहेबांचा भलामोठा वाडा, १९०५ च्या आसपासचं इंग्लंड, लायब्ररीत पडलेलं प्रेत... इथपर्यंत सगळ्यांचं झकास जमतं. पुढे गाडी अडते, कारण तो काळ आपण नुसता पडद्यासारखा मागे टांगतो आणि तपास मात्र आजच्या पोलिसांचा लिहितो.

माझ्याच पहिल्या कथेत इन्स्पेक्टर रक्ताचा डाग बघून "ओ पॉझिटिव्ह" म्हणाला होता आणि तीन ड्राफ्ट होईपर्यंत मला पत्ताच नाही! रक्तगट १९०१ चे हे खरंय, पण ते पॉझिटिव्ह-निगेटिव्ह १९४० च्या सुमाराचं. बोटांच्या ठशांचंही तसंच, स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग १९०१ ला आला पण ब्रिटनमध्ये ठशांवरून खुनाची पहिली शिक्षा झाली १९०५ मध्ये, स्ट्रॅटन बंधूंना, त्यामुळे १९०३ च्या कथेत गावच्या हवालदाराने ठसेबिसे शोधू नयेत. ते काम भारतातून परतलेल्या एखाद्या पाहुण्याला द्या, कारण ठसे वर्गवार लावायची ती पद्धत कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या डोक्यातून बरीचशी आलेली.

विष म्हणजे आर्सेनिक, आणि डॉक्टरला काही कळत नाही? नाही चालणार, आर्सेनिक ओळखणारी मार्श टेस्ट १८३६ पासून आहे. दुकानातून घ्यायचं तर १८५१ च्या कायद्याने रजिस्टरवर सही करावी लागायची. मग खुनी काय करेल, तर माश्या मारायचे आर्सेनिकवाले कागद पाण्यात भिजत घालेल, आणि कोणी विचारलंच तर म्हणेल की चेहऱ्याला लावायचं लोशन करतेय. नवऱ्याला विष दिल्याच्या आरोपावरून चाललेल्या १८८९ च्या फ्लॉरेन्स मेब्रिक खटल्यात बचाव अगदी हाच होता!

अलिबाय, म्हणजे खुनाच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हा पुरावा, फुसका वाटतोय? घड्याळं बघा. सँड्रिंगहॅमला, म्हणजे राजा सातव्या एडवर्डच्या गावाकडच्या वाड्यावर, घड्याळं मुद्दाम अर्धा तास पुढे असायची, शिकारीला उजेड जास्त मिळावा म्हणून. तुमच्या लॉर्डने राजाची नक्कल केली की वाड्यात साडेआठ आणि स्टेशनवर आठ, आणि अर्धा तास आयता हाताशी.

आता माझा सगळ्यात लाडका मुद्दा. पाहुण्या बाईंबरोबर आलेल्या खास मोलकरणीला खालच्या नोकरांच्या हॉलमध्ये मालकिणीच्याच नावाने हाक मारायचे. म्हणजे बूट पुसणारा पोरगा शपथेवर सांगतो की बाई रात्री खालीच होत्या, इन्स्पेक्टर मालकीण समजतो आणि खरी मालकीण वर काय करत होती कोणाला ठाऊक. मराठीत इथे भीती वाटते की "ती" आणि "त्या" मुळे भांडं फुटेल. पण खास मोलकरीण नोकरांत वरच्या पायरीवरची, तो पोरगा तिलाही "त्या"च म्हणणार, तेव्हा बिनधास्त लिहा.

विनोद वेंधळ्या इन्स्पेक्टरकडून काढू नका, फार वापरून झालाय. जेवायला मानाच्या क्रमाने जोडीजोडीने जायची पद्धत होती, तिथे एक माणूस मेला की अख्खी रांग बिघडते आणि टेबलावर नेमके तेरा उरले की अपशकुन! यजमानीणबाईंना खुनापेक्षा चौदावा पाहुणा कुठून आणायचा याची जास्त काळजी, हे एवढं जरी नीट लिहिलं तरी पाच पानं हसत जातात.

आणि खुनी स्वतः लॉर्ड निघाला तर त्याला साध्या कोर्टात उभं करू नका, त्याचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, इतर लॉर्डांसमोर चालायचा. १९०१ मध्ये अर्ल रसेलचा द्विभार्येचा खटला तसाच चालला होता.