वाकून वाकून आखडलेल्या अंगासाठी योगासनं

आमच्याकडे सिंधुदुर्गात कोणाला योगाचं सांगायला गेलं की उत्तर ठरलेलं, "दिवसभर वाकान वाकान कंबर मोडली, आता आणि योगा कित्याक?" आता कंबर मोडते हे खरंच आहे, पण जरा बघा, भाताची लावणी, तण काढणं, काजूच्या बिया वेचणं, आडाळ्यावर म्हणजे विळीवर मासे कापणं, सगळं पुढे वाकूनच, आणि संध्याकाळी दमून बसलं की मोबाईलमध्ये मान खाली, ती पण पुढेच. मागे वाकणं, अंगाला पीळ देणं, हात वर ताणणं यातलं दिवसभरात काहीच होत नाही. त्यामुळे मेहनत रग्गड होते पण सगळ्या अंगाला व्यायाम होत नाही. खालची आसनं मी त्याच हिशोबाने सांगतेय, जी बाजू राहून जाते तिच्यावर जास्त भर.

वेळ सकाळचीच बरी, पेज किंवा आंबोळी पोटात जायच्या आधी. अर्धा कप चहा झाला तर काही बिघडत नाही, पण जेवल्यावर मात्र तीन-चार तास जाऊ द्यायचे. जागा पडवी किंवा खळं, म्हणजे घरापुढचं अंगण. पावसात लादीला ओल सुटते आणि नुसती प्लास्टिकची मॅट टाकली की घामाचे हात त्यावर सरकतात, म्हणून जाड सतरंजी घ्या, महागडी मॅट लागतच नाही. किनाऱ्यावर करायची हौस सगळ्यांना असते, फोटो छान येतात, पण सुक्या वाळूत मनगट रुततं आणि उतारामुळे एक पाय खाली राहतो. करायचंच तर ओहोटीला ओली घट्ट वाळू असते तिथे करा.

सुरुवात ताडासनाने. पाय जुळवून उभं राहायचं, बोटं एकमेकांत गुंफून तळवे आकाशाकडे, श्वास घेत टाचा उचलायच्या आणि सगळं अंग वर खेचायचं, श्वास सोडत खाली, असं चार-पाच वेळा. मग वृक्षासन, एक तळवा दुसऱ्या मांडीच्या आतल्या बाजूला टेकवायचा, जमत नसेल तर पोटरीला, फक्त गुडघ्यावर दाब द्यायचा नाही. नजर एका ठिकाणी ठेवायची असते, तर समोरच्या माडाच्या शेंड्याकडे बघू नका, झावळं हलतं आणि तुम्हीपण हलता, बुंध्याकडे बघा.

त्यानंतर सूर्यनमस्कार. शाळेत आपण सगळ्यांनी घातलेत, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकात त्याचा जोरदार प्रचार केला तेव्हापासून महाराष्ट्रात हा व्यायाम घरोघरी माहीत आहे. राजापूर तालुक्यात कशेळीला कनकादित्याचं म्हणजे सूर्याचं देऊळ आहे, तिथे रथसप्तमीला उत्सव असतो, तर नवीन सुरू करायला तो दिवस बरा, पण मुहूर्तासाठी थांबू नका. पाय मागे नेऊन परत पुढे आणायचा असतो ना, तिथे बहुतेकांचा पाय अर्ध्यातच पडतो. सरळ हाताने घोटा धरून पुढे ओढून घ्या, लाज कसली त्यात. खाली वाकताना गुडघे थोडे दुमडले तरी चालतात. चारपासून सुरू करून बारापर्यंत न्या, आणि वेगात नको, एक हालचाल एक श्वास. धापा टाकत पन्नास घातले तर घाम येईल, मन शांत होणार नाही.

आता मुख्य काम, पाठीचं. लावणीची सवय असलेल्या बाईचे हात सहज जमिनीला टेकतात, पण भुजंगासनात तिचीच छाती वर येत नाही. पालथं झोपायचं, तळवे छातीच्या बाजूला, कोपरं अंगाला लागून. श्वास घेत आधी डोकं, मग छाती उचलायची, बेंबी जमिनीलाच. वर आलात की क्षणभर तळवे जमिनीपासून किंचित उचलून बघा, छाती धपकन खाली आली तर समजा की पाठ काम करत नव्हती, हातांनी ढकलत होतात, मग उंची कमी करा. मान मागे टाकायची नाही, खांदे कानांपासून लांब. तीन-चार श्वास थांबून खाली, असं तीनदा. मग शलभासन, पालथंच राहून आधी एकेक पाय वर उचलायचा, गुडघा सरळ ठेवून. शेवटी टाचांवर बसून कपाळ जमिनीला टेकवा, पाठ सैल पडते.

पीळ द्यायला वक्रासन सोपं. पाय लांब करून बसा, उजवा गुडघा वर घेऊन पाऊल डाव्या गुडघ्याशेजारी ठेवा, डावा हात उजव्या गुडघ्याच्या बाहेरून, उजवा तळवा पाठीमागे टेकून कणा ताठ, आणि श्वास सोडत उजवीकडे वळा. मग दुसरी बाजू. दुपारी भात-आमटी हाणून हे करू नका, एवढंच.

मनाच्या शांतीसाठी वेगळं काही नाही, श्वास सोडायचा वेळ घ्यायच्या वेळेपेक्षा वाढवायचा, त्याने हृदयाचे ठोके सावकाश पडायला लागतात. अनुलोम-विलोम म्हणजे अंगठ्याने उजवी नाकपुडी बंद करून डावीने घ्या, अनामिकेने डावी बंद करून उजवीने सोडा, उजवीनेच घ्या, डावीने सोडा, हे एक आवर्तन, अशी नऊ-दहा. श्वास कोंडून धरायचा नाही, बीपीवाल्यांनी तर नाहीच. मग भ्रामरी, सोडताना भुंग्यासारखा आवाज, पाच वेळा. आणि शवासन पाच-दहा मिनिटं, ते आळस म्हणून कोणी वगळू नका. आपल्याकडे शवासनाचा शत्रू म्हणजे डास, पण उशाशी कॉइल लावून दीर्घ श्वास घेणं म्हणजे धूरच ओढणं, त्यापेक्षा पातळ चादर अंगावर घ्या.

स्लिप डिस्क, हर्निया, पोटाचं ऑपरेशन, गरोदरपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय भुजंगासन, शलभासन आणि पीळ नको. गुडघे गेलेल्या आजीला खुर्चीत बसवून हात वर ताणणं आणि अनुलोम-विलोम एवढं करून घेतलं तरी पुष्कळ.

आणि ऐन लावणीत हे सगळं होणार नाही हे मलाही कळतं. तेव्हा मेरेवर म्हणजे शेताच्या बांधावर उभं राहायचं, दोन्ही तळवे कमरेवर, श्वास घेत छाती वर करून थोडं मागे झुकायचं, दोन श्वास थांबायचं, दर तासाभराने. रात्री झोपण्याआधी पालथं पडून एवढं एक भुजंगासन, बाकीचं चिखल संपल्यावर.