उतारवयातला कुत्रा कसा सांभाळावा: कोकणातल्या घरांसाठी

"आता वय झालं त्याचं," असं एकदा म्हटलं की कुत्र्याकडे बघायची घरातल्यांची नजरच बदलते. उठायला वेळ लावतो, वय झालं. पाणी फार पितो, वय झालं. भात टाकून उठतो, वय झालं. यातल्या पुष्कळ गोष्टींमागे दुखणं असतं आणि पुष्कळ दुखण्यांवर उपाय असतो. सांधेदुखी कमी करता येते, सडलेला दात काढता येतो, गोचीडताप वेळेत कळला तर बरा होतो. तेव्हा कुत्र्यात काही बदल दिसला तर आधी कारण शोधायचं. ते सापडेपर्यंत वयाचं नाव काढायचं नाही.

पंधरा-वीस किलोचा गावठी कुत्रा आठ-नऊ वर्षांचा झाला की उतारवयाला लागला असं समजा. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्डसारखे मोठे कुत्रे सहा-सात वर्षांतच तिथे पोचतात. पॉमेरेनियनसारखी लहान जात दहाव्या वर्षापर्यंत तरतरीत असते.

आधी एक वही घाला

डॉक्टर लांब असतात, पावसात रस्ता बंद पडतो, एसटी चुकते. अशा वेळी फोनवरून नेमकं काय सांगता येतं यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून कुत्रा बरा असतानाच त्याची नोंद ठेवा. चार गोष्टी पुरतात.

वजन: महिन्यातून एकदा त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. घरी काटा नसेल तर रेशन दुकानात किंवा काजूच्या वखारीत असतो. खाणं तेच असताना वजन उतरत असेल तर ते गंभीर समजा.

पाणी: सकाळी मापून भरा, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजा. दिवसाला किलोमागे 100 मिलीच्या वर गेलं, म्हणजे पंधरा किलोचा कुत्रा दीड लिटरपेक्षा जास्त प्यायला लागला, तर मूत्रपिंड, मधुमेह असं काही आहे का ते तपासावं लागतं. नसबंदी न केलेली कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत असं पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. खालून पू येतोच असं नाही. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

श्वास: तो गाढ झोपलेला असताना शेजारी बसा. छाती वर जाऊन खाली आली की एक. पूर्ण मिनिटभर मोजा. झोपेत 30 च्या आत असायला हवं. लागोपाठ जास्त भरत असेल, सोबत खोकला असेल, तर हृदयाची तपासणी करून घ्या.

हिरडी: वरचा ओठ उचला. हिरडी गुलाबी आणि ओलसर दिसली पाहिजे. अंगठ्याने दाबली की पांढरी पडते आणि सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत येतो. काळ्या हिरडीच्या कुत्र्यात खालची पापणी ओढून आतला रंग बघा. फिकट पडली तर रक्त कमी झालंय, पिवळी पडली तर कावीळ.

या चारांबरोबर त्याच्या चालण्याचा मोबाईलवर एखादा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात गेल्यावर लंगडणारा कुत्रासुद्धा भीतीपोटी सरळ चालतो.

आगोटीची तयारी त्याच्यासाठीही

आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात आपण सुकी मासळी, लाकूडफाटा, डाळ-तांदूळ भरून घेतो, त्याच धांदलीत कुत्र्याचा एक दिवस काढा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतोच. तिथले डॉक्टर रोज गायी-म्हशी बघत असले तरी त्यांचं शिक्षण सगळ्याच प्राण्यांचं झालेलं असतं, त्यामुळे संकोच नको. रेबीजची लस उतारवयातही चुकवू नका. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लस दर वर्षी लागते आणि ती पावसाआधी झालेली बरी, कारण उंदरांच्या मुतातला जंतू शेताच्या आणि गटाराच्या पाण्यातून पसरतो. लेप्टो कुत्र्याकडून माणसालाही होतो. लस त्याच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही, म्हणून लस दिली तरी साचलेल्या पाण्यात त्याला उतरू देऊ नका. त्याच भेटीत रक्त-लघवी तपासून घ्या आणि दिवाळीनंतर पुन्हा एकदा. मोठं काही निघालं तर मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे.

आता गोचीड. कोकणातल्या म्हाताऱ्या कुत्र्यांचा सगळ्यात मोठा शत्रू कोण असं विचारलं तर मी गोचिडीचंच नाव घेईन. कुत्र्याच्या अंगावर दिसते ती थोडी, बाकीची घरात असते. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली उतरते, भिंतीवर चढते आणि एखाद्या फटीत हजारो अंडी घालते. आपल्या चिऱ्याच्या भिंतीला तर जागोजागी भोकं असतात, त्यात तिचं चांगलंच फावतं. म्हणून अंगावरच्या गोचिडी वेचून भागत नाही. गिलावा नसलेला पडवीचा भाग, पायरीखालची सांद, त्याच्या अंथरुणामागची भिंत, हे सगळं डॉक्टरांनी सांगितलेल्या औषधाने फवारा आणि सुकेपर्यंत कुत्र्याला लांब ठेवा. त्याच्यासाठी महिन्याची किंवा तीन महिन्यांची खायची गोळी मिळते. त्याला पूर्वी फिट आली असेल तर गोळी घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा. गोठ्यासाठी आणलेलं औषध अंदाजाने कुत्र्याला चोळू नका, रॉकेल तर अजिबात नको. ते तो चाटतो.

चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि स्पिरिटमध्ये टाकायची. बोटांनी चिरडू नका. ताप, जेवण सोडणं, नाकातून रक्त, फिकट हिरडी किंवा काळपट चहासारखी लघवी दिसली तर गोचीडतापाची शंका धरून रक्त तपासा. म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगात ताकद कमी असते, दोन दिवस वाट बघण्यात तो हातचा जातो.

लादी, पायऱ्या आणि अंथरूण

घर नवं बांधलं, गुळगुळीत लादी बसवली आणि कुत्रा एकदम म्हातारा दिसायला लागला, असं किती घरांत होतं. तो लादीवरून उठताना नीट बघा. पुढचे पाय रोवतो, मागचे पाय दोन बाजूंना सरकतात, परत बसतो. दुसऱ्यांदा जोर लावतो, नखं फरशीवर करकरतात आणि तो उठायचाच सोडून देतो. कमरेचं दुखणं असेलच, पण निम्मी अडचण घसरण्याची असते. काथ्याची पायपुसणी किंवा लांब पट्टी त्याच्या अंथरुणापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत घाला. काथ्यात नख रुततं, फार खर्चही येत नाही. नखं वाढली असतील तर कापून घ्या, तळव्यातले केस कात्रीने कमी करा.

पाखाडीच्या किंवा ओटीच्या पायऱ्या चढताना मागचा भाग झेपत नसेल तर जुना पंचा पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढून घ्या, दोन्ही टोकं वर धरा आणि त्याच्या चालीने चाला. वजन थोडंच उचलायचं, चालायचं त्यानेच. आमच्या शेजारच्या आजोबांनी आपल्या टिप्याला असं सबंध पावसाळाभर मागीलदारी नेलं-आणलं.

दुखण्यावर माणसाची गोळी देऊ नका. आजीच्या गुडघ्यासाठी आणलेली डायक्लोफिनॅक, तापाची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी होऊ शकतं. कुत्र्यासाठी वेगळी औषधं आहेत. ती डॉक्टर मूत्रपिंडाची तपासणी बघून देतात आणि त्यांनी कुत्रा खरंच पुन्हा चालायला लागतो.

अंथरूण जमिनीपासून वीतभर वर, बाजल्यावर किंवा फळीवर, जाड गोधडीचं. पावसात गोणपाट दोन दिवसांत कुबट होतं, म्हणून गोधडीच्या दोन जोड्या ठेवा आणि एक चुलीच्या वर वाळत राहू द्या. तो भिजून आला की पंजांच्या बोटांमध्ये, कानामागे, शेपटीखाली कोरडं पुसा. पुसताना बोटं अंगभर फिरवा. केसांखालची बारीक जखम पावसात माशीला आयती सापडते आणि दोन दिवसांत तिच्यात किडे पडतात. वाईट वास किंवा एकाच जागी सतत चाटणं ही खूण आहे. फिनेल ओतू नका, दवाखान्यात साफ करून घ्या. हाताला गाठ लागली तर कुठे आणि केवढी ते वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. सगळ्याच गाठी वाईट नसतात, पण हात लावून ते कळत नाही.

काय खायला घालावं

म्हातारा झाला म्हणून त्याला नुसत्या पेजेवर ठेवतात, तिथेच त्याची ताकद जाते. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर उतारवयात त्याला चांगली प्रथिनं भरपूर लागतात. मऊ भात, त्यात काटे काढून कुस्करलेला उकडलेला मासा किंवा चिकन, अंडं, थोडा लाल भोपळा. मीठ, मसाला, कांदा, लसूण नको. आपल्या कालवणात हे सगळं असतं, म्हणून त्याचा वाटा फोडणीच्या आधी बाजूला काढा. सुकट आणि खारवलेल्या माशात फार मीठ असतं. कायमचं घरचंच अन्न असेल तर कॅल्शियम आणि इतर पूरक काय द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा आजार निघाला तर सगळा आहारच बदलतो, तो त्यांच्याकडून लिहून घ्या. दिवसाचं जेवण दोन-तीन वेळा विभागून द्या. बरगड्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना दिसू नयेत. लठ्ठपणा सांध्यांना फार जड जातो.

कोंबडीची शिजवलेली हाडं, आंब्याची कोय, फणसाची आठळी आतड्यात अडकते. मे महिन्यात अंगणात यांचा सडा असतो, तो रोज झाडून घ्या. किनाऱ्यावर रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढून झाल्यावर टाकून दिलेल्या मासळीत केंड असतो, तोच फुगणारा मासा. तो विषारी असतो. कुत्र्याला तिकडे मोकळा सोडू नका.

तोंडाला घाण वास, एकाच बाजूने चावणं, भांड्याजवळ येऊन मागे फिरणं म्हणजे दात दुखतोय. भूक असते, खाता येत नाही.

ऊन, रात्र आणि सण

एप्रिल-मेच्या दमट हवेत जीभ बाहेर काढून धापा टाकल्या तरी कुत्र्याचं अंग थंड होत नाही. फिरणं उजाडताना किंवा दिवस मावळल्यावर, रोज थोडं थोडं. कातळ आणि वाळू हाताच्या पाठीला पाच सेकंद सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही.

डोळ्यांत निळसर झाक येते ती बहुधा वयाची असते आणि त्यातून दिसतं. पांढरा पडदा मोतीबिंदूचा. दोन्हीतला फरक डॉक्टर सांगतील, आपण सामान आणि भांडी जिथल्या तिथे ठेवावीत. कान गेलेल्या कुत्र्याला झोपेत एकदम हात लावू नका. जमिनीवर पाय आपटा, हादऱ्याने तो जागा होतो. लहान मुलांना हे मुद्दाम शिकवा. रात्री उगाच फेऱ्या मारणं, कोपऱ्यात तोंड करून उभं राहणं, दिवसा झोपणं ही मेंदूच्या म्हातारपणाची लक्षणं असू शकतात. मंद दिवा, ठरलेल्या वेळा आणि डॉक्टरांचं औषध यांनी फरक पडतो.

रात्री त्याला आत घ्या. बिबट्या पडवीतून कुत्रा उचलतो, आणि ऐकू न येणारा कुत्रा त्याला सगळ्यात सोपा. फुरसं (विषारी साप) पाचोळ्यात, चिऱ्यांच्या ढिगात बसतं, म्हणून त्याची लघवीची जागा झाडून साफ ठेवा आणि रात्री बॅटरी घेऊन सोबत जा.

गणपतीत चाकरमानी येतात, अंगणात गाड्या लागतात आणि म्हातारा कुत्रा नेमका गाडीखालच्या सावलीत झोपतो. गाडी काढण्याआधी खाली वाकून बघायचं, हे आल्या दिवशीच सगळ्यांना सांगा. बेदाणे त्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, तेव्हा शिऱ्या-लाडवातले घालू नका. फटाक्यांच्या वेळी आतली खोली, पंखा आणि घरातलं एखादं माणूस शेजारी.

एकाएकी कोसळला तर

मान तिरकी, डोळे एका लयीत हलताहेत, तोल जातोय. "वारं गेलं" म्हणून घरचे आशा सोडतात. म्हाताऱ्या कुत्र्यांत हे पुष्कळदा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचं असतं आणि बरेच कुत्रे दोन-तीन आठवड्यांत सावरतात. कारण कानातला संसर्ग आहे की मेंदूतलं काही, हे ठरवायला त्याच दिवशी डॉक्टर हवेत. तोवर भिंतीलगत गोधड्यांची वळकटी करून त्याला टेकवा आणि वाटी तोंडाशी धरून पाणी पाजा.

पोट फुगून रिकाम्या उलट्या, पांढरी हिरडी, लघवी तुंबणं, थांबत नसलेली फिट, सर्पदंश यांत रात्र काढू नका.

निरोपाचा निर्णय

तो जेवतो का, स्वतः उठतो का, स्वच्छ राहतो का, आपण आलो की शेपूट हलवतो का, हे वहीत रोज लिहा. चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त झाले आणि औषधाने दुखणं आवरत नसेल, तर दयामरणाबद्दल डॉक्टरांशी बोला. भुलीचं औषध जास्त मात्रेत देतात, त्याला वेदना होत नाही. घरी येतील का हे आधीच विचारून ठेवा. मुंबईला असलेल्या मुलांशीही आधी बोला, म्हणजे त्या दिवशी गावातल्या म्हाताऱ्या आईवडिलांवर एकट्याने ठरवायची वेळ येत नाही. पुरताना विहिरीपासून लांबची, पाणी न साचणारी उंच जागा घ्या, तीन-चार फूट खोल खणा आणि वर जड चिरे रचा. दिलेल्या औषधाचा अंश शरीरात राहतो आणि उकरून खाणाऱ्या कोल्ह्यांना, घारींना तो बाधतो.