लेट्यूस ताजं ठेवायचं तर थंडावा किती आणि ओल किती?

लेट्यूसच्या पानात सुमारे ९५ टक्के पाणी असतं. पेशी पाण्याने टम्म भरलेल्या असतात, म्हणूनच ते कुरकुरीत लागतं. काढणीनंतर मुळांकडून येणारं पाणी बंद होतं, पण पानांचं श्वसन आणि बाष्पीभवन थांबत नाही. आपल्याला या दोन्हींचा वेग कमी करायचा आहे.

आधी तापमान. लेट्यूससाठी ० अंश सेल्सिअस सर्वांत उत्तम. त्या थंडाव्यात घट्ट गड्डा तीन आठवडे सहज टिकतो, ५ अंशांवर साधारण दोनच. मात्र शून्याच्या जरा खाली गेलं की पानातलं पाणी गोठतं, पेशी फुटतात आणि पान काचेसारखं पारदर्शक होऊन लिबलिबीत पडतं. त्यामुळे घरच्या फ्रीजमध्ये ते मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. तापमान ४ अंशांच्या आसपास ठेवा आणि गड्डा खालच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा.

आता आर्द्रता, आणि खरी गफलत इथेच होते. लेट्यूसला ९५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता लागते, पण ती हवेत. पानावर पाण्याचे थेंब राहिले की तिथेच कुजायला सुरुवात होते. म्हणून गड्डा शक्यतो न धुता ठेवा. धुतलाच तर पानं पूर्ण कोरडी करा, कोरड्या सुती कापडात किंवा पेपर टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळा आणि पिशवीत घाला. कापड जास्तीची ओल शोषतं, पिशवी हवेतला दमटपणा धरून ठेवते. कापड ओलं झालं की बदला. कप्प्याला हवेची खिडकी असेल तर ती बंद ठेवा.

सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो यांच्याजवळ लेट्यूस अजिबात नको. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे पानांच्या शिरांवर तपकिरी ठिपके पडतात. बाकी सगळं नीट केलेलं असलं तरी ही एक चूक महागात पडते.

पानं लागतील तेव्हाच चिरा. चिरलेल्या कडा लवकर तपकिरी होतात आणि पाणीही तिथूनच लवकर उडतं.

नुसती मलूल झालेली पानं बर्फाच्या पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून ठेवली की बहुतेक वेळा पुन्हा ताठ होतात. बुळबुळीत झालेली किंवा वास येणारी पानं मात्र टाकूनच द्यावीत.