लष्करी विमानाने सागरी हद्द ओलांडली का, हे कसे पडताळावे

नागपुरात बसून समुद्राच्या हद्दीचा विचार करायचा, तर पहिली अडचण अंतराच्या अंदाजाची येते. प्रादेशिक समुद्राची, म्हणजे किनारी राष्ट्राच्या सार्वभौमत्वाखालील पट्ट्याची, कमाल रुंदी 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर. झिरो माईलपासून निघून कामठी मागे टाकावी आणि कन्हान नदीही ओलांडावी, साधारण तेवढी.

बातमीत विमानाचे स्थान दिले असेल, तर कर्कटक घेऊन नकाशाच्या उभ्या कडेवरील अक्षांशांवर ते उघडावे. एका अक्षांशात 60 सागरी मैल असतात, म्हणून 12 मैलांसाठी अंशाचा पाचवा भाग पुरतो. आडव्या कडेवरील रेखांश मात्र ध्रुवांकडे जवळजवळ येत जातात, त्यामुळे ते मोजमापाला घेऊ नयेत. शालेय नकाशात हे अंतर जेमतेम काही मिलिमीटर भरते, तेव्हा मोठ्या प्रमाणाचा नकाशा घेतलेला बरा. मोजणी आधाररेषेपासून करावी. ही रेषा सहसा ओहोटीच्या पाण्याची असते, पण दंतुर किनाऱ्यावर ती सरळही आखतात.

विमान 12 मैलांच्या आत आढळल्यास परवानगी होती का, हे पाहावे. येथेच बहुतेकांची गफलत होते. परक्या जहाजाला प्रादेशिक समुद्रातून निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्क आहे, विमानाला तो नाही. 1982 च्या सागरी कायदा करारानुसार त्या पाण्यावरील आकाशही किनारी राष्ट्राच्याच सार्वभौमत्वाखाली येते आणि 1944 च्या शिकागो करारानुसार लष्करी विमानाला पूर्वपरवानगी लागते. आंतरराष्ट्रीय नौकानयनाच्या सामुद्रधुन्या हा मोठा अपवाद असून तेथून विमानांनाही न थांबता पार होता येते.

12 ते 200 मैलांच्या पट्ट्यातील, म्हणजे प्रादेशिक समुद्रापलीकडच्या विशेष आर्थिक क्षेत्रातील, उड्डाणावर हद्दभंगाचा शिक्का मारू नये. 1 एप्रिल 2001 रोजी हैनान बेटापासून सुमारे 70 मैलांवर अमेरिकेचे टेहळणी विमान आणि चीनचे लढाऊ विमान धडकले, ते याच पट्ट्यात. उड्डाणस्वातंत्र्य आहे, असे अमेरिका म्हणत होती, तर किनारी राष्ट्राच्या सुरक्षेला बाध आणणारी टेहळणी त्यात बसत नाही, असा चीनचा दावा होता. मला पहिली बाजू कराराच्या शब्दांशी अधिक जुळणारी वाटते. मात्र धडकेनंतर ते विमान विनापरवानगी हैनानवर उतरले, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

‘हवाई संरक्षण ओळख क्षेत्र’ हे शब्द दिसले, तर ती सार्वभौम हद्द समजू नये. येणाऱ्या विमानांनी आपली ओळख द्यावी, यासाठी असे क्षेत्र देश स्वतःच जाहीर करतात आणि ते 12 मैलांच्या बरेच पलीकडे पसरलेले असू शकते.