किड्स क्लब म्हणजे पाळणाघर नव्हे: लहान मुलांना घेऊन क्रूझला जाताना या चुका टाळा

सिंगापूरहून पेनांग, फुकेत आणि परत, अशा चार रात्री. बुकिंग करताना मी एजंटला एकच प्रश्न विचारला होता, "लहान मुलांची सोय आहे ना?" तो म्हणाला, "आहे मॅडम, आणि फ्री आहे." मी निर्धास्त झाले. पहिल्या संध्याकाळी जहाजावर मुलांना खेळवणाऱ्या किड्स क्लबच्या नावनोंदणीला गेलो, तेव्हा टेबलामागच्या मुलीनं माझ्या तीन वर्षं दोन महिन्यांच्या लेकीकडे बघून विचारलं, "डायपर घातलाय का?" घातला होता. विमान, टॅक्सी, टर्मिनलवरची रांग, त्यात घोळ नको म्हणून मीच घातला होता. डायपर किंवा पुल-अप (चड्डीसारखा चढवायचा डायपर) असेल तर क्लबमध्ये घेत नाहीत. मग नर्सरीत गेलो. तिथे छत्तीस महिन्यांच्या आतलीच मुलं घेतात. एकीकडे ती मोठी ठरली, दुसरीकडे लहान. त्या रात्री आम्ही दोघं आळीपाळीनं जेवलो.

त्यांचे नियम बरोबरच होते. चूक माझ्या प्रश्नात होती. "सोय आहे ना" असं कधीच विचारू नका. "आमच्या मुलाचं वय इतकी वर्षं इतके महिने, डायपर अजून रात्रीचा लागतो, त्याला कुठल्या विभागात, किती वाजता, किती पैशांत घ्याल?" असं विचारा, आणि उत्तर ईमेलवर घ्या.

तीन वर्षांची रेघ

बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या क्लबची सुरुवात वयाच्या ३ वर्षांपासून होते आणि डायपर पूर्ण सुटलेला असावा लागतो. रॉयल कॅरिबियन आणि डिस्ने, दोन्हींकडे असंच आहे. ३ वर्षांखालच्यांसाठी त्यांची नर्सरी वेगळी असते. ती ६ महिन्यांपासून पुढच्या बाळांना घेते, पण तासाचे पैसे पडतात. कार्निव्हल मात्र २ वर्षांपासूनच क्लबमध्ये घेतं आणि तिथे डायपरची आडकाठी नसते. म्हणजे अडीच वर्षांच्या मुलासाठी कुठली कंपनी निवडली, यावर तुमची अख्खी सुट्टी अवलंबून असते. लंडन-मँचेस्टरकडच्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक पर्याय म्हणजे ब्रिटनची पी अँड ओ. त्यांच्या कुटुंबांसाठीच्या जहाजांवर रात्रीची नर्सरी असते. बाळं तिथे झोपतात आणि आईबाप जेवायला जातात.

६ महिन्यांखालचं बाळ बहुतेक कंपन्या जहाजावरच घेत नाहीत. सलग बरेच दिवस समुद्रात राहणाऱ्या सफरींसाठी ही अट १२ महिन्यांची असते. वय सफर सुरू होण्याच्या तारखेला मोजतात, बुकिंगच्या नाही.

एकाच कंपनीच्या सगळ्या जहाजांवर नर्सरी असेलच असंही नाही. त्यामुळे कंपनीचं नाव बघून थांबू नका, जहाजाचं नाव घेऊन विचारा. मुंबईहून कॉर्डेलिया क्रूझनं गोवा किंवा लक्षद्वीपला निघणाऱ्यांनीही हेच करावं. मुलांची खेळायची खोली असणं वेगळं आणि तुमच्या मागे मूल सांभाळणारं माणूस असणं वेगळं.

डायपर नुकताच सुटला असेल तर निघण्याआधी किमान दोन-तीन आठवडे प्रवासातही डायपरशिवाय राहायची सवय लावा. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला साध्या चड्डीत नेलं, आधी शू करवून आणली, आणि तिला घेतलं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. डायपरवाल्या बाळाला पोहण्याच्या मोठ्या तलावात उतरू देत नाहीत, स्विम-डायपर घातला तरीही नाही. काही जहाजांवर अशा बाळांसाठी कारंज्यांची वेगळी जागा असते.

नर्सरीच्या जागा चटकन संपतात

नर्सरीत बाळं मोजकीच घेतात, कारण प्रत्येक मोठ्या माणसामागे किती बाळं असावीत हे ठरलेलं असतं. जहाजावर चढून, जेवून, केबिन बघून मग गेलात तर जेवणाच्या वेळच्या जागा गेलेल्या असतात. निघण्याआधी ऑनलाइन आरक्षण खुलं होत असेल तर त्याच दिवशी करा. नसेल तर जहाजावर पाय ठेवल्यावर एकानं सामान बघावं आणि दुसऱ्यानं थेट नर्सरी गाठावी. जागा मिळाली नाही तर प्रतीक्षायादीत नाव द्या आणि सकाळ-संध्याकाळ जाऊन विचारा, कारण लोक वेळा सोडत असतात.

क्लब फुकट असला तरी बऱ्याच कंपन्यांकडे रात्री साधारण दहानंतर तासाचे पैसे सुरू होतात. केबिनमध्ये येऊन मूल सांभाळणारं माणूस सगळीकडे मिळत नाही, डिस्नेवर तर नाहीच. आणि मूल झोपलंय म्हणून केबिन लावून "जरा वर जाऊन येऊ" हे अजिबात करू नका. वायफायवर चालणारा बेबी मॉनिटर जहाजावर बेभरवशाचा असतो, आणि मुळात एवढ्याशा मुलाला एकटं सोडायचंच नाही.

"शू आली" कुणाला कळणार?

याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या लेकीला इंग्रजीतले रंग आणि प्राणी येत होते, पण "शू आली" ती मराठीतच म्हणायची. सांभाळणाऱ्या मुली फिलिपिन्सच्या, खूप प्रेमळ, पण त्यांना "शू" म्हणजे बूट वाटला. लेक दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा रडली, आणि चड्डी ओली झाली. मला बोलावणं आलं तेव्हा ती कोपऱ्यात दोन्ही हातांनी फ्रॉक धरून उभी होती. हातातली बुटाची जोडी पुढे करत त्या मुलीनं मला विचारलं, हिला हे हवे होते ना? पोटात कालवलं.

त्या रात्री मी एका कार्डावर रोमन लिपीत तिचे शब्द आणि शेजारी त्यांचा इंग्रजी अर्थ लिहिला: शू, शी, पाणी, भूक, आई हवी, दुखतंय. कार्ड नोंदणीच्या टेबलावर दिलं, त्यांनी तिच्या फॉर्मला लावून ठेवलं. पुढचे दोन दिवस काही अडलं नाही. तुम्ही हे घरूनच लिहून न्या. सोबत मुलाला पोट धरून दाखवायची एखादी खूणही शिकवा. शेंगदाण्याची किंवा आणखी कसली ॲलर्जी असेल तर ती फॉर्मवर लिहाच आणि तोंडीही सांगा. औषधं देणं हे क्लबच्या लोकांचं काम नसतं, डोस तुम्हालाच द्यायचा असतो.

आजी-आजोबा आहेत की

सासू-सासरे सोबत होते, म्हणून मी मनात धरूनच चालले होते की रात्री ते बघतील. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र असा बघितला होता. त्यांनाही शो बघायचा होता, डेकवर बसायचं होतं. मी विचारलंच नव्हतं. कुणाची कुठली संध्याकाळ, हे घरीच बसून ठरवा.

ते मुलाला आणायला जाणार असतील तर त्यांचीही नावं पहिल्याच दिवशी नोंदवा. नोंदवलेल्या मोठ्या माणसाखेरीज कुणाच्याही ताब्यात मूल देत नाहीत, काही ठिकाणी परवलीचा शब्दही लागतो. आमच्या सासऱ्यांना दारातून परत यावं लागलं, कारण फॉर्मवर फक्त आमची दोघांची नावं होती. आईबाप न येता नात-नातू आजी-आजोबांसोबत एकटेच निघाले असतील तर आईबापांचं संमतिपत्र लागतं. ते नोटरीकडून करून घ्या.

बंदरावर उतरताना

क्लब बंदराच्या दिवशीही चालू असतो का आणि आईबाप दोघंही खाली उतरू शकतात का, हे आदल्या रात्री विचारून घ्या. फुकेत सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवायला लागतो, पण क्लब बंद होण्याची आणि जहाज सुटण्याची वेळ जहाजाच्या घड्याळावर असते. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते जहाजाच्या वेळेला लावा. शिवाय तिथे मोठी जहाजं बऱ्याचदा दूर नांगर टाकतात आणि छोट्या बोटीनं किनाऱ्यावर नेतात. परतताना त्या बोटीसाठी रांग लागते, म्हणून मूल वर असेल तर तासभर आधीच निघा.

किटली घरीच ठेवा

इलेक्ट्रिक किटली, छोटा राइस कुकर, इंडक्शन, सगळं चढतानाच काढून घेतात. आगीच्या भीतीनं हा नियम जवळपास सगळीकडे आहे. झटपट खिचडीची किंवा नाचणी सत्त्वाची सीलबंद पाकिटं आणि झाकणाचा थर्मास न्या, उकळतं पाणी बुफेत मिळतं. वरण-भात हवा असेल तर पहिल्याच जेवणाला वेटरला सांगून ठेवा, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसापासून करून देतात.

उलटी किंवा जुलाब झाले तर क्लबमध्ये घेत नाहीत, केबिनमध्येच थांबायला सांगतात. लपवून पाठवू नका. जहाजांवर पसरणाऱ्या, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण-पाण्यानं हात धुवावे लागतात. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल मोठं येतं, म्हणून प्रवासविम्यात मुलाचं नाव घाला.

मूल राहतच नसेल तर

पहिल्या खेपेला वीस मिनिटंच ठेवा. गुपचूप सटकू नका, "गोष्ट संपली की येते" असं सांगून जा आणि खरंच त्या वेळेला या. दुसऱ्या दिवशी तासभर ठेवून बघा. तरी हुंदके थांबत नसतील तर त्याला ओढूनताणून सोडू नका. बहुतेक जहाजांवर रात्रीचा मोठा शो दोनदा होतो. पहिला एकानं बघावा, दुसरा दुसऱ्यानं. शेवटच्या रात्री लेक क्लबमध्ये जायला तयार नव्हती, तेव्हा आम्ही तेच केलं. नवरा पहिल्या शोला गेला आणि मी तिला घेऊन डेकवर बसले. लांबवर मलाक्काच्या सामुद्रधुनीतल्या जहाजांचे दिवे दिसत होते, ते मोजता मोजता ती माझ्या मांडीवर झोपली.