पाण्याची पिंपं भरून ठेवली, तरी घर गार-ऊबदार होत नाही? या चुका टाळा

घरात ठेवलेली पाण्याची पिंपं दिवसा उष्णता शोषतात आणि रात्री सोडतात; घर उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात ऊबदार ठेवायची युक्ती ती हीच. एका पिंपातलं २०० लिटर पाणी १० अंशांनी तापलं की त्यात सुमारे २.३ युनिट विजेइतकी उष्णता साठते. साठा भरपूर आहे. गाडी अडते ती देवाणघेवाणीत. उभ्या पिंपाची बाजू जेमतेम १.६ चौरस मीटर. पाणी आणि खोलीची हवा यांत ५ अंशांचा फरक असेल, तर एक पिंप ६०-६५ वॅट देतं किंवा घेतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढं. म्हणून पिंपं भिंतीला टेकवून, एकमेकांना खेटून लावू नका. भोवती ८-१० सेंटिमीटर मोकळं सोडा. हजार लिटरची एकच टाकी तर त्याहून सुस्त. २० लिटरचे कॅन लिटरमागे दुप्पट पृष्ठभाग देतात.

दोष कुठे आहे ते असं शोधा: पिंपाच्या मध्यावर थर्मामीटर चिकटवा, वर थर्माकोलचा तुकडा लावा, सकाळी ६ आणि दुपारी ४ला आकडा लिहा. फरक २ अंशांच्या आत असेल, तर पिंप नुसतंच उभं आहे. उन्हाळ्यात बहुतेकदा खिडक्या चुकतात. त्या रात्री उघड्या हव्यात, पंख्याचा झोत पिंपांवर हवा आणि सकाळी ८च्या आत सगळं बंद. नाशिक-पुण्याकडे एप्रिलच्या रात्री बऱ्यापैकी उतरतात, तिथे हे जमतं. मुंबईत मे महिन्यात पारा रात्रीही २७-२८च्या खाली जात नाही; तिथे पिंपांवर पैसे घालू नका.

हिवाळ्यात पिंपं दक्षिणेच्या काचेमागे ठेवा आणि उन्हाकडची बाजू मॅट काळी रंगवा. खोलीकडची बाजू कोणत्याही रंगाची चालेल, फक्त चंदेरी ॲल्युमिनियम पेंट नको. तो उष्णता बाहेर सोडत नाही. ऊन पिंपाच्या बुडापर्यंत पोचायला हवं, नाहीतर वरचं पाणी तापतं आणि खालचं थंडच राहतं. रात्री काच झाकली नाही तर दिवसाची कमाई बाहेर जाते. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत सौरघरांचे प्रयोग करणारे स्टीव्ह बेअर यांनी आपल्या घराच्या पिंपांच्या भिंतीला बाहेरून इन्सुलेशनची झडप लावली होती, ती याचसाठी. आपल्याकडे जाड गोधडीचा पडदाही बरंच काम करतो, मात्र तो काचेला सगळ्या कडांनी नीट टेकला पाहिजे.

वरच्या मजल्यावर हा प्रयोग नकोच. भरलेलं पिंप सुमारे २२० किलोचं, म्हणजे त्याच्या तळाखाली चौरस मीटरला ८०० किलो. घराचा स्लॅब साधारण २०० किलोंच्या वापरभारासाठी धरलेला असतो.

पिंप काठोकाठ भरू नका, वर ५ सेंटिमीटर सोडा; पाणी तापून फुगतं. बूच वॉशर लावून घट्ट बसवा. बंद लोखंडी पिंपातला विरघळलेला ऑक्सिजन संपला की आतला गंज थांबतो. सारखं उघडून भर घातली तर चालूच राहतो. ब्लीचिंग पावडर लोखंडी पिंपात नको, तिने गंज वाढतो. उघड्या पिंपात डास होतात, हे वेगळं सांगायला नको. रसायनांची जुनी पिंपं भंगारवाल्याकडून आणून कापायला किंवा वेल्डिंगला तर मुळीच घेऊ नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो.

जूनमध्ये पिंपांना घाम फुटला तर ती गळत नाहीत, दमट हवेतलं पाणी गार पत्र्यावर जमतंय. तळाच्या कडेखाली दोन लाकडी पट्ट्या सरकवा आणि कडा रोज पुसा. पत्रा तिथूनच सडतो.